साखर जागेवर बसत नाही

संध्याकाळच्या चहानंतर दोन तास थांबून त्याने बोटाला सुई टोचली. यंत्राने जरा वेळ घेतला आणि दोनशे ब्याऐंशी दाखवले. काल याच वेळी एकशे वीस होती. तेच बोट, तोच माणूस, तीच दुधी आणि तीच कोरडी पोळी. यंत्र भिंतीवर आपटावंसं त्याला वाटलं, पण एक आपटून झालं होतं, हे दुसरं होतं.

"किती आली?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"वाढलीय. झालं समाधान?" तो खेकसला. "आता विचार, बाहेर काय हादडलंत म्हणून. विचार की!"

"मी कुठे काय म्हणाले?"

हेच तर होतं. ती काहीच म्हणायची नाही. म्हणायचे ते बाकीचे सगळे. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, खरं सांगा, खाता ना गुपचूप? डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणायचे, शरीर खोटं बोलत नाही हो. म्हणजे खोटं बोलतो तो मीच! आयुष्यभर गोडावर जीव टाकलेल्या माणसाने पेढ्याकडे पाठ फिरवून बसायचं, आणि वर चोर ठरायचं. त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि हे सगळं कशासाठी, तर बससाठी. तो ड्रायव्हर होता. डेपोत सगळे त्याला दादा म्हणत. उन्हाळ्यात चालवता चालवता एकदा त्याची साखर पडली, डोळ्यांपुढे अंधारी आली. बस थांब्यावर उभी होती म्हणून निभावलं, असं त्याने सगळ्यांना सांगितलं, डॉक्टरांनाही. तरी साहेबांनी त्याला खाली उतरवलं आणि हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत नेऊन बसवलं. छत्र्या, डबे, एकेकट्या चपला. लोक बसमध्ये एकच चप्पल कशी विसरतात, हे कोडं त्याला अजून सुटलं नव्हतं. साखर सलग महिनाभर ताळ्यावर राहिली तर डॉक्टर दाखला देणार आणि तो पुन्हा गाडीवर बसणार. पण ती मेली महिनाभर सोडाच, चार दिवससुद्धा एका जागी टिकत नव्हती. वाढली की डॉक्टर इन्सुलिन वाढवायचे. दोनदा वाढवून झालं होतं.

मंगळवारी संध्याकाळी बायको बहिणीकडे गेली. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. जाताना दारातून तीनदा परत आली.

"चहा मी करून ठेवू का थर्मासमध्ये? उद्यापर्यंत राहील."

"उद्याचा चहा आज? अगं, मी बस चालवलीय, मला चहा करता येईल. जा तू."

तिचा चेहरा उतरला, पण गाडीची वेळ झाली होती. ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठरलेलं इन्सुलिन टोचलं, पाव खाल्ला, चहा केला. चहात घालायच्या बिनसाखरेच्या गोड गोळ्यांची बाटली फळीवर मागे सापडली. झाकणाचं सील तसंच होतं. नवी आणलेली दिसतेय, असं म्हणत त्याने ते नखाने सोललं, दोन गोळ्या कपात टाकल्या, चार थर्मासमध्ये टाकल्या आणि कामावर गेला.

दुपारच्या आत एक माणूस छत्री मागायला आला. दादाने त्याला हेल्मेट आणून दिलं. छत्री हो, काळी, तो माणूस म्हणाला. दादा आत गेला आणि दुसरं हेल्मेट घेऊन आला. शेजारच्या टेबलावरच्या बाई आधी हसल्या. मग त्यांनी नीट बघितलं. दादा तिसरं हेल्मेट शोधत होता, आणि त्याला यात काहीच गैर वाटत नव्हतं. घाम नाही, थरथर नाही, काही नाही. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं. तो गिळू शकतोय हे बघून त्यांनी त्याला फळांचा रस पाजला, आणि मग स्वतःच रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. वाटेत दादा भानावर आला तो सगळ्यांवर उखडतच.

"आज वेगळं काय केलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही! तेच औषध, तोच पाव, तोच चहा."

"कोणी केला चहा?"

"मीच. बायको नाहीये."

"म्हणजे रोज त्या करतात," डॉक्टर म्हणाले. त्यासरशी दादाला ते सील आठवलं. सहा महिने रोज गोड चहा पितोय आणि गोळ्यांची बाटली उघडलेलीच नाही! तो ताडकन उठला. डॉक्टर मागून विचारत होते, साखर पडायच्या आधी काही जाणवलं का? न कळता पडत असेल तर दाखला नाही. "जाणवलं थोडं," त्याने दारातूनच ठोकून दिलं.

बायको संध्याकाळी परतली तेव्हा बाटली टेबलावर होती.

"साखर घालत होतीस?"

तिने पिशवी खाली ठेवली. "हो."

"रोज?"

"तुमचा चेहरा बघून. पांढरा दिसला तर जास्त. बरा दिसला तर थोडी."

"चेहरा बघून!" त्याचा आवाज चिरकला. "मी बोटांची चाळण करतोय, डॉक्टर माझा डोस वाढवतायत, मुलगी मला चोर समजतेय, आणि तू माझं तोंड बघून चमचे मोजतेस! तुझ्या साखरेपायी वाढवलेलं औषध आज माझ्या अंगावर आलं. मेलो असतो मी!"

ती टेबलाशी बसली. हे तिला सुचलंच नव्हतं. बराच वेळ ती रडली. तो येरझाऱ्या घालत तोंडाला येईल ते बोलत राहिला, कारण त्याला थांबताच येत नव्हतं.

"का केलंस पण?"

"तुमची साखर नीट बसली की तुम्ही पुन्हा गाडीवर बसणार." तिने पदराने नाक पुसलं. "आणि गाडी त्या दिवशी उभी नव्हती. कंडक्टरची बायको भेटली होती मला. चालू होती गाडी. शाळेसमोर. कंडक्टरने हँडब्रेक ओढला."

तो जागच्या जागी थांबला.

"मी चुकले," ती म्हणाली. "डॉक्टरांकडे न्या, पोलिसात द्या. पण एक सांगा. आज तुम्हाला आधी काही कळलं होतं?"

राग अजून तसाच होता. तिला दोन शब्द सुनवावेत, असं त्याला फार वाटत होतं. वीस वर्षं चालवलेली ती बस त्याला अजून हवी होती, आणि तिच्यावरचा राग जितका टिकेल तितकी बस टिकेल, हेही त्याला कळत होतं.

"नाही," तो म्हणाला. "काहीच कळलं नाही."

तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"उद्या माझ्याबरोबर चल डॉक्टरांकडे," तो तुटकपणे म्हणाला. "साखरेचं तू सांग. गाडीचं मी सांगतो."