तोंडात बोळा

“डॉक्टर, तुम्ही कधी चुकीचा दात उपटलाय का?”

हे मी खुर्चीत आडवी पडून विचारलं. तुझी हिंमतच होणार नाही, अशी आमच्या फुटबॉल टीमने पैज लावली होती. शेजारी बसलेली आई पर्समध्ये शिरायचीच बाकी राहिली. डॉक्टरबाई मात्र दिवा माझ्या तोंडावर वळवत शांतपणे म्हणाल्या, “एकदा. नवऱ्याचा. अजून ऐकवतो.”

मग अर्धा तास नुसती ओढाताण, कडकड, आणि अक्कलदाढ एकदाची बाहेर. जखमेवर कापसाचा बोळा बसला. पाऊण तास घट्ट दाबून धरायचा, थुंकायचं नाही, एक शब्द बोलायचा नाही.

अशी संधी आई-बाबांना सोळा वर्षांत मिळाली नव्हती. गाडी सुरू होते न होते तोच बाबांनी विषय काढला. यंदा बोर्डाची परीक्षा, गोलकीपर झाल्याचे मार्क कोणी देत नाही. तेव्हा सोमवारपासून संध्याकाळी गणिताची शिकवणी, फुटबॉल बंद. मी मागच्या सीटवर हातवारे करून दमले. आई म्हणाली, “बघा, आज कशी शहाण्यासारखी ऐकतेय.” घर येईपर्यंत सरांना फोनसुद्धा झाला.

फुगलेल्या गालावर बर्फाची पिशवी धरून मी धुमसत बसले. मग सुचलं, यांना माझं गप्प बसणं आवडलंय ना? घ्या पोटभर.

दुसऱ्या दिवशी दुखणं बरंच ओसरलं. तोंड नीट उघडत होतं, पण मी ते फक्त गार सुपासाठी उघडलं. काहीही विचारलं की गालाला हात लावून भिंतीकडे बघायचं. तिसऱ्या दिवशी आईला घर खायला उठलं. संध्याकाळी बाबा खाकरून म्हणाले, आठवड्यातून एक दिवस खेळायला हरकत नाही. मी आइस्क्रीम ढवळत राहिले. आई म्हणाली, दोन. बाबांनी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि स्वतःच म्हणाले, तीन.

अजून दहा मिनिटं कळ काढली असती, तर लिलाव सहावर गेला असता. पण आईचे डोळे खरंच भरून आले होते. ते काही मला बघवेना.

“मी रोज खेळणार,” मी म्हणाले. दोघंही दचकले. “शिकवणी सकाळी साडेसहाची घेते. पहिल्या चाचणीत घसरले, तर माझे ग्लव्हज मीच तुमच्या कपाटात ठेवून कुलूप लावीन. आणि सरांना फोन मी करणार आहे.”