टाकीतला कौल

बाणकोटच्या बाजूला ती ऑक्टोपस मादी जाळ्यात जिवंत सापडली आणि एका विद्यार्थ्याच्या मामाने तिला पाण्याच्या पिंपात घालून महाडला, आमच्या कॉलेजात आणून दिलं. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलेला ऑक्टोपस फॉर्मालिनच्या बरणीत जातो, हा रिवाज. मला ते जमलं नाही. खिडकीखालची मोठी काचेची टाकी मी रिकामी करून घेतली आणि मासळीच्या टेम्पोवाल्याला सांगून समुद्राचं पाणी मागवायला लागले.

थोड्याच दिवसांत ती माणसं ओळखू लागली. माझे सहकारी सुहास यांनी एकदा चिमट्याने तिचा हात ओढून पाहिला होता. तेव्हापासून ते टाकीजवळ आले की त्यांच्या शर्टावर पाण्याची चिळकांडी उडे. दुसऱ्या कुणावर नाही.

"मॅडम, हिला सांगा, मी माफी मागतो."

"तिला ऐकू येत नाही फारसं. ती बघते."

"मग हात जोडतो," ते म्हणाले, आणि जोडलेल्या हातांवरच चिळकांडी आली.

तिला कंटाळा येऊ नये म्हणून मी टाकीत दोन बरण्या ठेवत असे, उजवीकडे एक, डावीकडे एक. दोन्हींत एकेक खेकडा. कुठलं झाकण आधी उघडायचं ते ती ठरवायची. आमचा प्रयोगशाळा परिचर दत्ताराम हे बघत उभा राहायचा. तो डोंगरातल्या कापडे गावाच्या वरच्या वाडीतला.

"मॅडम, हा तर कौल झाला," तो एकदा म्हणाला.

त्यांच्याकडे गुरव देवाच्या अंगावर कळ्या चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दत्तारामने गंमत म्हणून विचारलं, मेव्हण्याच्या विहिरीला पाणी लागेल का. ती उजवीकडे गेली. विहिरीला पाणी लागलं. मग महाडच्या बाजाराला आलेली माणसं पिशव्या घेऊन आमच्या दारात उभी राहू लागली.

मला त्यात एकच गोष्ट खटकली. एकही माणूस हिरमुसून परत जात नव्हता. मी टाकी आणि माणूस यांच्यामध्ये पडदा धरून पाहिला. पडदा असला की ती दोन बरण्यांच्या मध्ये बसून राही, वाट बघत असल्यासारखी. काढला की ती आधी विचारणाऱ्याचे डोळे बघे, आणि ते ज्या बाजूला कलत त्या बाजूला तिचा हात जाई.

"ती काही सांगत नाही, दत्ताराम. तुमच्या मनात काय आहे ते वाचते."

"म्हंजे देवासारखंच की."

मी लोकांना येऊ देणं बंद केलं. ती फिकट पडायला लागली होती आणि खेकडे अर्धवट सोडत होती.

मे संपताना दत्ताराम पुन्हा आला, या वेळी गंभीर चेहऱ्याने. घरामागच्या डोंगराला भेग गेली होती. तळीयेच्या दरडीनंतर अशा भेगेवर कुणी चर्चा करत बसत नाही. वाडीतली बाकीची घरं खाली कापड्याच्या शाळेत हलली होती. त्याची आई ठकूबाई तेवढी हलत नव्हती. गुरवाने कौल लावला होता, पण कळ्या दोन्ही बाजूंच्या चिकटूनच राहिल्या. देव बोलत नाही तोवर मी उठायची नाय, असं तिचं म्हणणं.

"हिचा कौल चालेल म्हणते. मॅडम, तुम्ही फक्त उजव्या बरणीकडे बघा. आई मरंल हो तिथं."

प्रयोगात मी कधी बोट घातलं नव्हतं. पण मी हो म्हणाले.

ठकूबाई आली. मोतीबिंदूने दोन्ही डोळे दुधाळ झालेले. तिने काचेला हात लावला आणि विचारलं, "खाली जाऊ काय गो बाय?"

मी उजव्या बरणीवर नजर रोखली. टाकीतून तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या दुधाळ डोळ्यांकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिली. एक हात उजव्या झाकणापर्यंत आला, टेकला, आणि परत गेला. ती कोपऱ्यातल्या कपारीत शिरली आणि तळाचे दगड एकेक ओढून तोंडाशी रचायला लागली. ते बघताना मला आत, छताला लटकलेल्या, भाताच्या लोंबीसारख्या पांढऱ्या माळा दिसल्या.

"काय झालं?" ठकूबाईने विचारलं.

"अंडी घातलीत तिने." मी खरं ते सांगितलं. "आता ती खाणार नाही. अंडी फुटेपर्यंत तिथून हलणार नाही. मग मरेल."

दत्तारामने डोळे मिटले. मी काय बोलून बसले ते मला उशिरा कळलं.

"मंग झाला की कौल," ठकूबाई म्हणाली. "ती बसली, मी पण बसते. ती उठली की मी उठेन."

"आये, ती समुद्रातली हाय, तू..."

"गप रे. तुझा बाप त्या घरात गेला. मी काय शाळंच्या बाकावर जाऊ?"

पाऊस आला तो मुक्कामालाच आला. सावित्री नदी पुलाच्या खाली भरून वाहू लागली. दत्ताराम रजा टाकून वर आईजवळ राहिला आणि रोज फोन करू लागला. आधी भेगेचं सांगे. त्यात आता हात जातो. त्यात आता पाय जातो. मग विचारे, "उठली काय?"

"नाही."

फोनमध्ये मागून ठकूबाई म्हणे, "बघ. मी सांगत नव्हते?"

टाकीत ती दगडांमागे होती. एक डोळा तेवढा दिसे. हातांनी ती अंड्यांवरून पाणी फिरवत राही आणि रोज थोडी लहान होत जाई. मी खेकडा समोर धरला की ती तो अलगद बाजूला सारी.

त्या दुपारी प्रयोगशाळेत दिवे लावावे लागले होते. फोन आला तेव्हा मी टाकीसमोरच उभी होते. दत्ताराम ओरडत होता. घरामागून चिखलाचं पाणी निघायला लागलं होतं आणि फणसाचं झाड आपोआप वाकलं होतं.

"मॅडम, उठली काय?"

मी कपारीकडे पाहिलं. डोळा जागेवर होता. मी टाकीकडे पाठ केली.

"उठली," मी म्हणाले. "आईला सांग, ती उठली. अंडी सोडून बाहेर आलीय."

दत्तारामने फोन आईच्या कानाला लावला. मग ठकूबाईचा आवाज, अगदी जवळून.

"खरं सांग गो बाय. आपल्या पायानं उठली?"

"आपल्या पायानं."

"दत्ता, माझी गोधडी घे."

फोन बंद झाला. मागे पाण्यात दगड घरंगळल्याचा आवाज झाला.

मी वळले. ती समोरच्या काचेला चिकटली होती, आठही हात पसरून, कागदासारखी पांढरी. दगड ढकललेले होते, कपार उघडी होती. ऑक्टोपसच्या माद्या शेवटी शेवटी भान हरपून अशा भटकतात. पुस्तकात आहे, मी शिकवलेलं आहे. पण ही भटकत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती.

"जा," मी म्हणाले. कपारीकडे बोट केलं, नजर वळवली, पुन्हापुन्हा वळवली. ती माझ्या बोटाकडे बघेना. ती तशीच राहिली, संध्याकाळी हात सुटून तळाला जाईपर्यंत.

अंधार पडायच्या आत दत्तारामचा निरोप आला. दोघं शाळेत पोचली होती. डोंगर घरावर आला होता. ठकूबाई चहा मागत होती.

मी घरी कळवलं की उशीर होईल आणि बाह्या वर केल्या. अंड्यांवरून पाणी हललं नाही तर त्यांच्यावर बुरशी चढते. मी नळी घेतली आणि त्या माळांवर हळूहळू पाणी सोडायला लागले. अंडी आता पारदर्शक झाली होती. प्रत्येकात काळे दोन ठिपके होते, डोळ्यांचे. पाणी सोडता सोडता मी थोडी डावीकडे सरकले, हात अवघडला म्हणून, आणि ठिपके माझ्याबरोबर सरकले.