माझ्या मानेवरची खाच

माझ्या मानेभोवती एक बारीक खाच आहे. ती खालच्या बाजूला पुसट आणि वरच्या बाजूला खोल आहे. म्हणजे ओढ खालून लागत होती. कपडे टांगून अशी खाच पडत नाही, उलट लाकूड गुळगुळीत होते. खाच पडते ती दोराने, आणि तीही त्याला पुन्हा पुन्हा हिसके बसले तरच.

मित्रांनो, मी धारच्या एका घरातली जुनी सागवानी खुंटी आहे. सुताराने मला तासून माझ्या टोकाला कमळाची कळी काढली होती. घरधन्यांची दरबारी पगडी, अंगरखा, उपरणे मी वर्षानुवर्षे सांभाळले. ते काम मला आवडत असे.

मग धन्यांचे चिरंजीव मोरोपंत मॅट्रिकला बसले. त्यांच्या शेंडीला दोर बांधून त्याचे दुसरे टोक माझ्या गळ्यात अडकवले गेले. डुलकी लागून मान खाली गेली की शेंडीला हिसका बसे आणि जाग येई. पहिल्या वर्षी मोरोपंत नापास झाले, दुसऱ्या वर्षी पास. नापास झाले तेव्हा दोष त्यांचा. पास झाले तेव्हा श्रेय माझे! त्या दसऱ्याला मला हळदकुंकू वाहिले. मला त्याचा फार राग आला, पण खुंटीला विचारतो कोण?

पुढे मोरोपंत दरबारात कारकून झाले आणि त्यांचा मुलगा दिगंबर मॅट्रिकला आला. परीक्षेला इंदूरला जायचे होते. मोरोपंतांनी तोच दोर शोधून काढला.

मी फक्त पाहिले तेवढेच सांगते. दिगंबरच्या केसांची मुळे लाल झाली. तो पुस्तकाचे एकच पान कितीतरी वेळ उलटीत नसे. दिवाळीत जे धडे तो घडाघडा म्हणत असे, ते संक्रांतीला त्याला आठवेनात. वडिलांच्या वहाणा दारात वाजल्या की तेवढ्यापुरते तो घाईघाईने पान उलटी.

"कालचा पाठ म्हण," मोरोपंत म्हणत.

"येत होता, नाना. आता आठवत नाही."

"आठवत नाही? जेवताना तोंड कुठे आहे ते बरं आठवतं!"

एकदा शेजारचे उमाशंकर आले. दोर पाहून ते दारातच थबकले आणि माळवीत म्हणाले, "पंतजी, यो छोरो हे के बैल?"

"भिया, ह्याच दोरानं मी पास झालो," मोरोपंत म्हणाले. नापास झालेले वर्ष त्यांना आठवले नाही. ह्या विसरण्याबद्दल त्यांची शेंडी मात्र कोणी ओढली नाही!

दिगंबरची आई सुभद्राबाई रोज सकाळी दूध घेऊन येत. मुलाकडे पाहत, तोंड उघडत, आणि पलीकडे नणंद अक्का माळ ओढीत बसलेली दिसली की पुन्हा मिटत. "उद्या बोलेन," असे चौकटीशी पुटपुटून परत जात. त्यांचा तो उद्या काही उजाडत नव्हता.

एक दिवस मोरोपंत दरबारच्या कामाला तिरल्याला गेले. सुभद्राबाई गहू निवडायला माझ्याखाली येऊन बसल्या.

"दिगू, तुझी ती भूमिती मला सांग की."

"तुला काय कळणार, आई?"

"नाही कळली तर पुन्हा सांग. पोळ्या काही पळून जात नाहीत."

दिगंबरने गव्हाचे दाणे मांडून त्रिकोण केला. तो बोलत गेला.

"पण हा कोन त्याच्याएवढाच कशावरून?" आईने विचारले.

तो अडला. दाणे हलवून पाहिले, विचार केला आणि त्याला उत्तर सापडले. किती दिवसांनी तो हसला! मग सुपाशेजारीच डोके टेकून गाढ झोपला. आईने त्याला उठवले नाही. जागा झाला तेव्हा हरवलेला पाठ त्याने कोणी न विचारता म्हणून दाखवला.

मित्रांनो, माझा राग कशाचा, ते आता तुम्हाला कळले असेल. मी पगडी टांगण्यासाठी घडले. पगडीखालचे डोके टांगण्यासाठी नव्हे. शिणलेल्या मुलाला झोप द्यावी, त्याच्याजवळ बसावे, तो सांगेल ते ऐकावे. एवढे मोठ्या माणसांना जमू नये?

परीक्षा तोंडावर आली होती आणि मोरोपंत त्या रात्री तिरल्याहून परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरोपंत दोर घेऊन आले आणि त्यांचा हात वरच्या वर थांबला. माझ्यावर सुभद्राबाईंचे ओले सोवळे वाळत होते. त्यांनी ते काठीने उचलून नुकतेच टाकले होते. मोरोपंतांची अंघोळ व्हायची होती.

"अरे मोरू, शिवशील! हात मागे घे!" अक्का ओरडल्या. मग त्यांनी भावजयीकडे वळून विचारले, "सुभद्रे, सोवळं इथं का गं? वळणी तुटली का?"

"वळणी धड आहे, वन्सं." सुभद्राबाईंनी काठी भिंतीला टेकवली आणि त्या मोरोपंतांकडे वळल्या. "परीक्षा होईपर्यंत माझं सोवळं ह्याच खुंटीवर वाळेल. दिगूला झोप आली की तो झोपेल, आणि उठला की मला धडा समजावून सांगेल. दोर आता बांधायचा नाही."