मी बिघडलो नव्हतो: एका कार्ब्युरेटरची हकिगत

मित्रांनो, मी एक जुना कार्ब्युरेटर आहे आणि मला जबर धक्का बसलेला आहे. तसा मी भित्रा नाही. छत्तीस वर्षं मी तापलेल्या इंजिनाला चिकटून काढली. धूर, खड्डे, भेसळीचं पेट्रोल, सगळं सोसलं आणि हूं की चूं केलं नाही. पण गेल्या महिन्यात मी जे पाहिलं, त्याने माझी पाचावर धारण बसली ती अजून उठलेली नाही.

आधी माझं काम सांगतो. मी गाडीचा स्वयंपाकी आहे म्हणा ना. वरून हवा घेतो, बाजूच्या टाकीतून पेट्रोल घेतो, दोन्ही बेताने मिसळून इंजिनाला पाठवतो. पेट्रोल जास्त झालं तर काळा धूर, हवा जास्त झाली तर गाडीला उचक्या. हा बेत सांभाळतो माझा जेट. जेट म्हणजे पितळेचा एवढासा तुकडा, त्याला मधोमध बारीक भोक, आणि कडेवर त्या भोकाच्या मापाचा नंबर. माझं सगळं शहाणपण त्या भोकात आहे.

माझी गाडी चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंची. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, म्हणून बाईंचा तिच्यावर फार जीव. आणि मला सांभाळायचे ते कानमिस्त्री. त्यांचं हे नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. दुसऱ्या गॅरेजांत ट्यूनिंगला काटे असलेली यंत्रं असतात, आमच्या मिस्त्रींकडे हातभर रबरी नळी. इंजिन गरम झालं की नळीचं एक टोक कानात, दुसरं माझ्याभोवती फिरवायचे. मग माझा स्क्रू हलके हलके आत, इंजिन अडखळेपर्यंत, आणि तिथून अगदी सावकाश बाहेर. शेवटच्या पाव आट्याला ते श्वास रोखून धरत. मग म्हणत, "लागला सूर." त्यांचा एक कडक नियम होता. जेटच्या भोकाला साफ करायलाही तार लावायची नाही. लावली की माप बिघडलं. "तार घालणारा हात माझ्या गॅरेजमध्ये नको," असं ते सगळ्यांना बजावत. या माणसाच्या हाती मी बावीस वर्षं निर्धास्त होतो.

मग माझ्या खालून शिटी येऊ लागली. मी ज्या वाकड्या पाइपावर बसतो, तो पाइप इंजिनाला जोडतात तिथलं पॅकिंग करपलं होतं. त्या फटीतून चोरटी हवा आत शिरे आणि माझा सगळा बेत बिघडवी. गाडी चौकात उभी राहिली की बंद पडायची. मागचे लोक हॉर्न वाजवून बाईंना हैराण करायचे. बाई गाडी घेऊन गॅरेजमध्ये आल्या तेव्हा मला हायसं वाटलं. मिस्त्रींनी नळी कानाला लावली आणि नेमकी त्या फटीवर आणली. त्या शिटीने मलाच नको नको झालं होतं. आता सापडली, असं म्हणेपर्यंत मिस्त्री म्हणाले, "इथे काही नाही."

मी हबकलो. शेजारच्या पत्रे ठोकणाऱ्यालाही ऐकू जाईल अशी ती शिटी होती.

गाडी दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली. मिस्त्रींनी मला चार वेळा उघडून धुतलं. चौथ्या वेळी त्यांनी माझा जेट चिमट्यात धरला, उजेडाकडे करून पाहिला आणि "पेट्रोल कमी पडतंय," असं म्हणत खणातून बारीक ड्रिल काढलं. मला वाटलं, दुसऱ्या कशासाठी असेल. पण नाही, त्यांनी ते जेटच्या भोकात घातलं आणि दोन बोटांनी फिरवलं. मित्रांनो, पितळेचा भुगा माझ्या डोळ्यांदेखत फडक्यावर पडला. ज्या माणसाने तारेला बंदी केली, त्यानेच माझं भोक मोठं केलं.

अर्थात मी भसाभस पेट्रोल ओतू लागलो. काळा धूर निघाला, प्लग काजळले आणि खापर माझ्यावर फुटलं. "याचं आयुष्य संपलं बाई," मिस्त्री म्हणाले. "मोठा टाकू. मोठ्या गाडीचा एक आहे माझ्याकडे." बाईंनी मान डोलावली. मला फळीवर एका ताटलीत ठेवलं. भंगारवाला शनिवारी यायचा होता आणि त्या दिवशी गुरुवार होता.

नवा आला तो धिप्पाड, दोन घशांचा. मला रडू येत होतं, तरी मनात हसलोही, ते लपवत नाही. छोट्या इंजिनाचा श्वास छोटा. घसा मोठा असला की हवा त्यातून रमतगमत जाते आणि पेट्रोल ओढून घेण्याइतका जोर तिला राहत नाही. कार्ब्युरेटर निवडायचा तो इंजिनाचा श्वास बघून, आपली हौस बघून नाही. हे मिस्त्रींनीच शंभरदा शंभर जणांना सांगितलेलं. इतका साधा हिशेब हा माणूस विसरला कसा, या विचाराने मी चक्रावून गेलो.

शुक्रवारी दुपारी गाडी सुरू केली. पायाने रेस दिली की इंजिन गुदमरायचं. आणि खालून तीच शिटी येत होती. मी फळीवर, तरी शिटी चालूच, म्हणजे दोष माझा नव्हताच. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आम्हाला तोंड असून बोलता येत नाही.

तेवढ्यात मिस्त्रींची बायको डबा घेऊन आली. तिने दारातून हाक मारली, मग जवळ येऊन मारली, मग डबा टेबलावर आपटला. "अहो, हाका मारून घसा बसला माझा. मुद्दाम करता ना?" असं म्हणून ती थांबली. "आणि ही शिटी कसली वाजतेय?"

"कसली शिटी?" मिस्त्री म्हणाले.

"ही काय. केवढ्याने वाजतेय."

मिस्त्रींनी नळी उचलली, कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला लावली. बायकोने नळीचं दुसरं टोक धरलं, फिरवत फिरवत बरोबर फटीवर नेलं आणि म्हणाली, "इथे." मिस्त्री डोळे मिटून उभे राहिले. मग त्यांनी तेलाची बुधली घेतली आणि त्या जागी चार थेंब सोडले. तेल आत ओढलं गेलं, फट क्षणभर बुजली आणि इंजिन एकदम सरळ चालू लागलं. मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. पत्र्यांच्या ठोकाठोकीत आणि ग्राइंडरच्या आवाजात काढलेल्या चाळीस वर्षांनी त्यांच्या कानांतले उंच पट्टीचे, शिटीसारखे आवाज कधीच पळवून नेले होते. खालच्या पट्टीतले, घरघरणारे आवाज येत होते, म्हणून त्यांना पत्ता लागला नव्हता.

"मला वाटायचं, तुम्ही माझ्याकडे दुर्लक्ष करता," बायको म्हणाली. "दोन वर्षं भांडतेय मी तुमच्याशी."

मीही या माणसाला महिनाभर मनातल्या मनात शिव्या घालत होतो.

शनिवारी भंगारवाल्याला रिकाम्या हाताने परत पाठवलं. मिस्त्रींनी पाइपाचं पॅकिंग बदललं, मला पहिल्याच नंबराचा नवा जेट आणला, मला जागेवर बसवलं. बाई आल्या तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, कार्ब्युरेटर चांगला होता. माझे कान गेलेत. आता गाडी दुसरीकडे दाखवा."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "माझ्याकडे रोज वीस माणसं येतात, डोळे कमी झाले म्हणून," त्या म्हणाल्या. "एकालाही मी घरी बस म्हटलेलं नाही. सोमवारी कान तपासून या. गाडी इथेच राहील."

मग ट्यूनिंग झालं. नळी बायकोच्या कानात होती आणि स्क्रूवर मिस्त्रींचा हात. तिने भुवई उचलली की ते थांबत. शेवटच्या पाव आट्याला दोघांनीही श्वास रोखला. इंजिन सरळ चालू लागलं तेव्हा मिस्त्रींनी माझ्या अंगावर तळवा ठेवला आणि विचारलं, "कसा वाजतोय?"

तिने जरा विचार केला. "रात्री तुम्ही घोरता ना, तसा. एकसारखा."

मिस्त्री हसता हसता तोंड फिरवून उभे राहिले. तळवा मात्र त्यांनी काढला नाही.

मित्रांनो, मी निर्जीव वस्तू, मला भंगारात टाकलं असतं तर फार काही बिघडलं नसतं. पण नुसतं मला टाकून मिस्त्रींचं दुखणं कोणालाच कळलं नसतं, त्यांनाही नाही. म्हणून हात जोडून सांगतो, एखादी वस्तू चालेनाशी झाली की तिला नावं ठेवण्याआधी तिच्या आजूबाजूलाही बघा. आणि घरात कोणी हाकेला ओ देत नसेल, तर रागावू नका. आधी जवळ जा.