साडेबाराचा ठिपका

रविवारी जेवणं आटोपल्यावर जावयाने ताटं स्वतःच उचलली, तेव्हाच टिकटिककाकांनी ओळखलं की आता काहीतरी मोठं दाखवायचं आहे. एरवी तो ताट उचलणाऱ्यांतला नव्हता. पुसलेल्या टेबलावर त्याने कागदाची एक लांबलचक गुंडाळी उलगडली, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले आणि म्हणाला, "बाबा, ही तुमची सव्वीस वर्षं."

कागदावर एक निळी रेघ होती. वर चढत होती, खाली येत होती, पुन्हा चढत होती. सव्वीस वर्षं एका टेबलावर मावली हे बघून काकांना आधी हसू आलं आणि मग उगाच दमल्यासारखं झालं.

टिकटिक हे नाव त्यांना पुलाने दिलं होतं. नदीवरच्या पादचारी पुलाच्या टोकाला लोखंडी स्टुलावर बसून ते माणसं मोजायचे. महिन्यातले ठरलेले तीन दिवस, सकाळी सात ते संध्याकाळी सात. मुठीत मावेल एवढं यंत्र असायचं, अंगठ्याने खटका दाबला की आकडा एकाने पुढे जायचा. दर पाव तासाने तो आकडा तक्त्यातल्या चौकोनात उतरवायचा. बाकीचे दिवस खात्यात बसून त्याच आकड्यांच्या बेरजा. त्या बेरजांचं पुढे काय होतं हे त्यांना कधी कोणी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण खरं उत्तर ऐकून पुन्हा स्टुलावर बसणं जिवावर आलं असतं.

खात्यात तक्ते सात वर्षं ठेवायचे आणि मग रद्दीत काढायचे असा नियम होता. ती रद्दी काका घरी आणायचे. कागद जाड, मागची बाजू कोरी. लेकीची अख्खी शाळा त्या कोऱ्या बाजूंवर झाली. पण एकही कागद फेकला गेला नाही, कारण काकांची बायको महिन्यावार गठ्ठे बांधून कपाटावर चढवायची. नवऱ्याच्या नोकरीतून दिसण्यासारखं तेवढंच काय ते होतं, असं ती म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी जावयाची नजर त्या गठ्ठ्यांवर पडली. तो कॉलेजात गणित शिकवायचा, तोही हंगामी. नऊ वर्षं दर उन्हाळ्यात नेमणुकीचं नवं पत्र यायचं; मजकूर तोच, तारीख तेवढी वेगळी. कायमची जागा हवी तर काहीतरी नवं संशोधन दाखवा, असं निवड समितीने त्याला ऐकवलं होतं. त्याने गठ्ठे खाली उतरवले, अलीकडचे तक्ते खात्यातून मिळवले आणि कामाला लागला. तेव्हा एकदा त्याने विचारलं होतं, साडेबाराच्या चौकोनात कोपऱ्यात हा पेन्सिलीचा ठिपका कसला? काका लाजले होते. बायको डबा घेऊन पुलाच्या पलीकडून यायची ती नेमकी साडेबाराला. नियमाने तिलाही मोजायचं, मग मोजायचे, आणि गंमत म्हणून एक ठिपका द्यायचे. सरकारी कागदावर तेवढीच काय ती घरची खूण.

तर आता ती रेघ टेबलावर पसरलेली होती आणि जावई समजावून सांगत होता. पुलावरच्या माणसांची वर्दळ सात वर्षांनी स्वतःला पुन्हा गिरवते. जिथे मोठा खड्डा पडतो, तिथे महिन्या-दोन महिन्यांत शहरात काहीतरी घडतं. पहिल्या खड्ड्यानंतर बाजारातली दंगल. बरोबर सात वर्षांनी तसाच दुसरा खड्डा, आणि त्यामागोमाग कारखान्याचा संप. तिसऱ्या वेळी लाट जराशी चुकली होती, पण जावयाकडे त्याचंही कारण तयार होतं.

"एकटा माणूस काय करेल ते सांगता येत नाही, बाबा," तो म्हणाला. "पण हजारो माणसं काय करतील ते सांगता येतं. इतिहास म्हणजे तरी दुसरं काय?"

काकांचं लक्ष त्या दोन खड्ड्यांकडे लागलं होतं. दोन्ही मार्चातले. पहिला त्यांना ओळखीच्या माणसासारखा आठवला. त्या मार्चात पुलाला रंग दिला होता. अर्धा पूल दोरी लावून बंद, लोक वैतागून खालच्या पुलाने जायचे, आणि रंगाऱ्यांनी काकांच्या स्टुलालाही हिरवा हात मारला होता. दंगलीचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. आणि सात वर्षांनंतरच्या मार्चात तर पुलाला कुणी रंग दिलाच नव्हता.

त्या मार्चात काका पुलावरच नव्हते.

बायको अंथरुणाला खिळलेली होती. दीड वर्ष. रजा संपल्या, उसन्या रजा संपल्या. मग काकांनी आयुष्यातली एकमेव लबाडी केली. मोजणीच्या दिवशी ते घरी राहायचे, कपाटावरून त्याच महिन्याचा जुना तक्ता काढायचे आणि तिच्या उशाशी बसून उतरवायचे. घरी आलेले सगळ्यात नवे तक्ते सात वर्षांपूर्वीचे असत, म्हणून सात वर्षांपूर्वीचेच. शेवटचा आकडा कुठे दोनाने वाढवायचा, कुठे तिनाने कमी करायचा. पुलावर कोण किती जातं याची कुणाला पडली आहे, असं त्यांना वाटलं होतं. आणि इतकी वर्षं ते खरंही होतं.

"काही म्हणायचंय का बाबा?" जावयाने विचारलं आणि तो थांबला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबला. काकांनी मान हलवली. छान आहे, म्हणाले.

पलीकडे लेक खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होती. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात दोन पाळ्या करायची आणि रविवारी अशी कुठेही झोपायची. निघताना दारात तिने वडिलांचा हात धरला. गुरुवारी समिती बसणार आहे, ह्या वेळी नक्की होईल, म्हणाली. मग मी एक पाळी सोडेन. तिच्या बोटांची टोकं सोड्याने पांढरी पडून सोलवटली होती.

काकांना दोन दिवस जेवण गेलं नाही. गप्प बसलं तर कुणालाही कळणार नव्हतं. जगात पुरावा एकच, आणि तो त्यांच्या कपाटावर आता पुन्हा बांधून ठेवलेला. बोललं तर लेकीचा संसार आणखी वर्षानुवर्षं लटकत राहणार. गप्प बसणं सगळ्यांच्या सोयीचं होतं, आणि नेमकं तेच त्यांना सोसवेना. उभ्या जन्मात त्यांनी एकच काम केलं होतं, आणि जावई उद्या जगापुढे मांडणार होता ती त्यातली न केलेली बाजू.

मंगळवारी ते कॉलेजात गेले. चार हंगामी मास्तरांना मिळून एक खोली होती. तिथे जावई एकटाच वह्या तपासत बसला होता. काकांनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. रंगारी, रजा, कपाट, शेवटच्या आकड्याची फिरवाफिरव. सांगून झाल्यावर खुर्ची ओढून घेतली.

जावयाने लाल पेनाचं टोपण लावलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

काकांना वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो.

"ठिपक्यांमुळे कळलं. आकडे तुम्ही बदललेत, ठिपके तसेच उतरवलेत. दीड वर्ष, दर मोजणीला, साडेबाराला ठिपका आहे. आणि त्याच दीड वर्षात जिना उतरवताना आईंना मी उचलून न्यायचो, बाबा. लग्न व्हायचं होतं आमचं. किती हलक्या झाल्या होत्या त्या. त्या पूल कुठून ओलांडणार?"

"कधी कळलं?"

"तीन महिने झाले." जावई खिडकीकडे बघत होता. "मी ठरवलं, बाबा बोलले नाहीत तर मलाही माहीत नाही. रविवारी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्ही छान म्हणालात. सुटलो असं वाटलं, आणि तेव्हापासून झोप नाही."

काकांना जावयाचा राग यायला हवा होता, पण आली ती फक्त माया. तीन महिने ह्याने एकट्याने ते ओझं वागवलं, आणि वर बायकोला हसून दाखवलं.

शेवटी काकांनीच विचारलं की ते दीड वर्ष काढलं तर रेघेचं काय उरतं. जावई म्हणाला, काही नाही. माणसं येतात, जातात, पावसाळ्यात कमी, पगाराच्या दिवशी जास्त. बस. आणि खड्ड्यानंतर शहरात काहीतरी घडतंच, कारण शहरात कुठल्याही महिन्यात काहीतरी घडतच असतं, शोधणाऱ्याला सापडतं.

"तिला मी सांगतो," काका म्हणाले.

बुधवारी लेक पाळी संपवून तडक माहेरी आली. काकांनी टेबलावर चोपन्न तक्ते काढून ठेवले होते आणि लाल पेन्सिलीने एकेकावर काट मारायला घेतली होती. मोजणीचे दिवस तेवढेच भरत होते, महिन्याला तीन. सांगताना त्यांनी मान वर केली नाही. लेकीने सगळं ऐकून घेतलं आणि मग ती चिडली, जशी आईवर चिडायची तशी, हळू आवाजात. नऊ वर्षं थांबलो आम्ही, म्हणाली. तुमच्या दोघांच्या खरेपणाला माझेच हात सापडतात का?

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. लेकीने एक तक्ता उचलला, साडेबाराच्या चौकोनावर बोट ठेवलं. ठिपक्याची गोष्ट तिला लहानपणापासून ठाऊक होती. दुसरा तक्ता उचलला, तिसरा. आईच्या दुखण्याच्या तारखा तिला पाठ होत्या.

"ह्या दिवशी तर तिला पाणीसुद्धा गिळवत नव्हतं," ती म्हणाली.

"हो. मी तिथेच बसून लिहिलं ते."

"आणि ठिपका?"

"हात थांबला नाही गं," काका म्हणाले आणि रडले.

लेकही रडली. मग तिने डोळे पुसले, पेन्सिल उचलून बापाच्या हातात दिली आणि एकेक तक्ता पुढे सरकवत बसली.

गुरुवारी संध्याकाळी जावई आला तेव्हा दोघंही टेबलापाशीच होती. त्याने समितीला खरं ते सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, प्रामाणिकपणाचं कौतुक केलं आणि पुढच्या वर्षाचं हंगामी पत्र देऊ म्हणाले. लेकीने दुसऱ्या पाळीचा अंगरखा पिशवीत भरला.

जावई खुर्चीत बसला आणि बूट काढता काढता म्हणाला की अध्यक्षांनी जाता जाता एक प्रश्न विचारला. हे आकडे खोटे, ठीक आहे. मग त्या चोपन्न दिवसांत पुलावरून खरी माणसं गेली तरी किती? अंदाजाने काही सांगता येईल का? नऊ वर्षं गणित शिकवतोय, म्हणाला, आणि तिथे मला काही सांगता आलं नाही.

काकांनी काट मारलेल्या तक्त्यांचा गठ्ठा बायको बांधायची तसा सुतळीने बांधला.

"किती ते मलाही सांगता येणार नाही," ते म्हणाले. "रोज एक कमी, एवढं नक्की."