सासूबाईंवरचा सिनेमा

“आणि हात? हात कुठे होते तुमचे?”

“मांडीवर,” सासूबाई म्हणाल्या.

“दोन्ही?”

“दोन्ही. दिसले पाहिजेत असे.”

सिनेमात सासूबाईंचं काम करणार होती ती बाई त्यांच्याच पलंगावर बसली होती. तिने आपले हात मांडीवर ठेवून पाहिले. चांगली नावाजलेली नटी, पण आमच्या टवका उडालेल्या कपातून चहा प्यायली आणि छान झालाय म्हणाली. मी दारात उभी. सासूबाई समोरच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. मोबाईल कशाला टेकवला होता, तो माणूस कुठपर्यंत दिसायचा, डोळा कधी लागला, सगळं तिने विचारलं आणि सासूबाईंनी सगळं सांगितलं. आवाज असा, की दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगतायत.

“रडलात कधी?”

“नाही.”

“एकदाही नाही?”

“कॅमेरा चालू होता ना.”

नटीने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार कप्पाळ, रिकामे कप उचलून आत गेले.

आमच्या सासूबाई एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होत्या. बाहेरून फोन आला की तो या वॉर्डात जोड, त्या डॉक्टरांना दे, हेच उभा जन्म केलं. तिथे त्यांना सगळे एक्स्चेंजबाई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवत असेल. त्या कामाचा एक नियम होता. बदलीची बाई येऊन कानाला हेडफोन लावेपर्यंत बोर्ड सोडायचा नाही. बाथरूमला जायचं झालं तरी सुपरवायझरकडे बघून हात वर करायचा आणि मान हलण्याची वाट बघायची. माझ्या नवऱ्याच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हाही त्या बदलीची बाई येईपर्यंत बसून होत्या, हे आमच्या घरात कौतुकाने सांगतात. नवरा त्यावर म्हणतो, मीपण ड्युटीवरच होतो की तेव्हा.

बोर्ड सुटला तरी नात्यात त्यांचं काम चालूच राहिलं. कुणाला काही हवं असलं की आधी यांना फोन, मग या पुढे लावून देणार. त्यांची थोरली बहीण, आमच्या ताईमावशी, तर कळस. गॅसवाला हवा, डॉक्टर हवा, स्वतःची पोटची लेक हवी, तरी फोन धाकट्या बहिणीला. “अगं, तिला जरा लावून दे ना,” म्हणायच्या. लेकीचा नंबर मोबाईलमध्ये होता. पण तो शोधायला चष्मा लागे, आणि बहीण पहिल्याच बटणावर होती.

आता त्या दोन दिवसांचं सांगते, थोडक्यातच सांगते. सासूबाईंना व्हिडिओवर फोन आला. पडद्यावर पोलिसाच्या गणवेशातला माणूस. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, त्यात नको ते निघालंय, चौकशी संपेपर्यंत फोनसमोरून हलायचं नाही, घरात चकार शब्द काढला तर मुलालाही आत घेऊ. घरच्यांना काय सांगायचं तेही त्यानेच पढवलं. सासूबाई आम्हाला म्हणाल्या, जुन्या ऑपरेटर बायकांचा फोनवरून मेळावा आहे, मला दोन दिवस मध्येमध्ये हाक मारू नका. आणि दार लोटून घेतलं. मी नवऱ्याला म्हटलं, बरं झालं, त्यांचाही वेळ जाईल. ताट आत नेऊन द्यायची आणि आल्या पावली परत फिरायची.

लोक विचारतात, एवढी शिकलेली, नोकरी केलेली बाई, तिला कळलं कसं नाही? सोपं आहे. तो माणूस म्हणाला, विचारल्याशिवाय उठायचं नाही. दुसऱ्या कुणी त्याला झापलं असतं. आमच्या सासूबाईंना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. त्या हात वर करून त्याची मान हलायची वाट बघायच्या.

पैसे गेले. ते गेलेच, त्यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे ताईमावशी स्वयंपाकघरात पडल्या. लेक ऑफिसच्या कामाने परगावी. मोबाईल हातात होता. त्यांनी नेहमीसारखं पहिलं बटण दाबलं. इकडे सासूबाईंच्या पडद्यावर वरच्या बाजूला ‘ताई’ असं आलं. तो माणूस म्हणाला, कोण आहे? कापा. सासूबाईंनी कापला. परत आला, परत कापला. असं दुपारपर्यंत चाललं होतं. मग ‘ताई’ यायचं थांबलं.

संध्याकाळी ताईमावशींच्या लेकीचा, म्हणजे सासूबाईंच्या भाचीचा, मला फोन आला. शेजाऱ्यांनी दार फोडलं होतं, पण उपयोग झाला नव्हता. मी धावत आत गेले आणि म्हटलं, आई, ताईमावशी गेल्या. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. मग मोबाईलकडे वळून हात वर केला.

“साहेब, माझी बहीण वारलीय. जाऊ का?”

तो म्हणाला, आधी जबाब पूर्ण करा.

आणि त्या बसल्या. देवाशपथ सांगते, माझ्या सासूबाई परत नीट सावरून बसल्या. तेव्हा मी तो मोबाईल उचलला. काय काय बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. फोन बंद करून मी तो उशीखाली कोंबला, आणि सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, त्यांनी अजून सोडलं नव्हतं.”

भाचीने आईचा मोबाईल पाहिलाच होता. सगळं आवरल्यावर तिने एवढंच विचारलं, “मावशी, तू कापलास?” सासूबाई “हो” म्हणाल्या. मी मधे तोंड घालणार होते, तर नवऱ्याने माझा हात धरला. भाची उठली, चपला घातल्या आणि गेली. ती लहानपणी सुट्टी लागली की आमच्याकडेच असायची. सासूबाईंनी तिला न्हाऊमाखू घातलंय, तिच्या वेण्या घातल्यात. त्यानंतर ती आली नाही, फोन नाही, काही नाही. सासूबाईही रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. सकाळी उठायच्या, आपलं आपलं आवरायच्या आणि बसायच्या. टीव्ही लावला तर बघायच्या, बंद केला तरी तिकडेच बघत राहायच्या.

पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्या वाचून दिग्दर्शक आमच्या दारात. नवऱ्याने साफ सांगितलं, घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत. माझंही तेच मत. पण सासूबाई म्हणाल्या, “करा. फक्त बहिणीचा फोन मी कापला, ते दाखवायचं.”

“अहो आई,” दिग्दर्शक म्हणाला, “त्याच्यावर तर सगळा सिनेमा उभा आहे. ते कसं सोडेन मी?”

तो गेल्यावर मी त्यांना ओट्यापाशी गाठलं. “आई, कशाला हे?”

“ताईच्या लेकीला मला सांगता येत नाही गं,” त्या म्हणाल्या. “मी तोंड उघडलं की सबब वाटणार. बघेल तर कळेल. तो समोर कसा बसला होता, मी कशी बसले होते.”

“कळून काय होणार?”

“काही नाही,” म्हणाल्या. “कळेल.”

पहिल्या खेळाला आम्हाला बोलावणं आलं तेव्हा त्यांनी माझ्या फोनवरून भाचीला स्वतः फोन लावला. “सिनेमा आहे. ये,” म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. ती काय बोलली ते मला कळलं नाही. त्यांनाही बहुतेक ऐकायचं नव्हतं.

पण ती आली. दिवे मालवता मालवता आली, सासूबाईंच्या पलीकडे एक खुर्ची मोकळी सोडून बसली. दोघींमध्ये तिची पर्स.

सिनेमातलं आमचं घर आमच्या घराच्या दुप्पट होतं. माझ्या नवऱ्याला भरपूर केस दिले होते. तो खूश झाला. मला दोन प्रसंग, आणि दोन्हीत मी भाजी चिरत होते. जन्मात मी एवढी भाजी चिरलेली नाही. पण नटीने काम केलं, खोटं कशाला बोलू. ती बसली ती आमच्या सासूबाईच बसल्या. हात वर केला तर थिएटरात कुणी हललं नाही. मी मनात म्हटलं, दाखवतोय बरं का बाबा, नीट दाखवतोय.

मग पडद्यावर ‘ताई’ आलं. गणवेशातला म्हणाला, कापा. नटीचं बोट पुढे गेलं. मी पडद्याकडे बघितलंच नाही, भाचीकडे बघत होते. ती पुढे झुकली होती, तोंडावर हात.

“बोल ताई,” पडद्यावरून आवाज आला.

उचलला. सिनेमातल्या बाईने फोन उचलला. नुसता उचलला नाही, तर जुनी ऑपरेटर ना ती, एका झटक्यात बहिणीचा फोन पोलिसांना जोडून दिला आणि त्या लुच्च्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं. गाड्या सुटल्या. तो चोर पायजम्यावर पकडला गेला. ताईमावशींना स्ट्रेचरवरून नेलं, त्यांनी डोळे उघडले, दोघी बहिणी हातात हात घेऊन हसल्या. थिएटरात शिट्ट्या, टाळ्या. आमच्या मागची माणसं उभी राहिली.

दिवे लागले. नावं वर सरकत होती.

“संपला?” सासूबाईंनी मला विचारलं.

“हो, आई.”

“ते राहिलं का दाखवायचं?”

“राहिलं.”

“पुढे असेल म्हणून मी वाट बघत होते,” त्या म्हणाल्या, आणि उठून पदर नीट केला.

मला राग आला होता. पण राग आलाय हे मला उशिरा कळलं, बाहेर दिग्दर्शक हसत पुढे आला तेव्हा. मी तशी फटकळच आहे. म्हटलं, “शब्द दिला होता तुम्ही.”

“वहिनी, खरा शेवटही केला होता आम्ही,” तो हळू आवाजात म्हणाला. “काही लोकांना दाखवून बघितला. सगळे नुसते बसून राहिले हो. एक टाळी नाही.”

“आमच्याकडेपण कुणी वाजवली नव्हती,” मी म्हटलं.

त्याला कुणीतरी फोटोसाठी ओढून नेलं, सुटला बिचारा. माझा नवरा गाडी काढायला गेला. सासूबाई भिंतीला धरून उभ्या होत्या, कारण त्यांना खुर्ची आणून द्यायचं मला सुचलं नव्हतं. भाची चार पावलांवर मोबाईलमध्ये डोकं घालून उभी. जात नव्हती, जवळही येत नव्हती.

तेवढ्यात काठी टेकत एक म्हाताऱ्या बाई गर्दीतून आल्या. त्यांनी सासूबाईंचा हात दोन्ही हातांत धरला.

“तुम्हीच ना त्या? मला मघाशी दाखवलं कुणी तरी. अहो, तुम्ही फोन उचललात आणि माझा जीव भांड्यात पडला बघा. माझीपण बहीण आहे. भांडलोय आम्ही. आता घरी गेले की आधी तिला फोन करते.”

“नाही हो,” सासूबाई म्हणाल्या. “मी…”

बाईंना जरा कमी ऐकू येत असावं. त्या भाचीकडे वळल्या. “आणि तू ग? सिनेमातली ती भाची तूच ना? चेहरा मावशीसारखाच आहे. आई कशी आहे आता?”

सासूबाईंनी डोळे मिटले. भाचीने मोबाईल पर्समध्ये ठेवला.

“बरी आहे,” ती म्हणाली.

“हिंडते-फिरते?”

“हो. घरातल्या घरात.”

“आणली नाहीस तिला?”

“जिने चढवत नाहीत आता. आणि तिला सिनेमाचं फारसं वेड नाही, झोप लागते.”

बाई हसल्या. “माझंही तेच. सांग हो तिला, एका बाईने विचारलंय म्हणून.”

“सांगते.”

बाई काठी टेकत दाराकडे गेल्या. आम्ही तिघी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. भाची अजून मावशीकडे बघत नव्हती, पण आता आमच्यात पाऊलभरच अंतर होतं.

“मी कापला होता,” सासूबाई म्हणाल्या. “तो समोर बसला होता आणि मी…”

“माहितीये मला.”

“त्यांनी ते दाखवलं नाही. मी त्यांना सांगितलं होतं दाखवा म्हणून, तुला…”

“मावशी,” भाची म्हणाली, “पाच मिनिटं जिवंत राहू दे ना तिला.”

पुढच्या खेळाची माणसं आत यायला लागली होती, आणि आम्ही त्यांना वाट द्यायला भिंतीशी सरकून उभ्या राहिलो.