सायलेन्सरवरचा ओरखडा

मी एक जुना टायर आहे, मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचा. माझी गोष्ट ज्या दिवशी बिघडायला लागली, त्या दिवशी शेडमध्ये काय काय होते ते आधी मोजून सांगतो. चाके दोन होती. टायर तीन होते: मी, माझा जुना जोडीदार आणि एक पाहुणा. नट पिळायचे पाने चार, टायर उचकटायच्या लोखंडी पट्ट्या दोन, हवा भरायचा पंप एक, साबणाच्या पाण्याचा डबा एक. वॉशर पाच, त्यांतले तीन गंजलेले. एक मोजपट्टीही होती. ती दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली होती आणि दिवसभर तिथेच राहिली.

मित्रांनो, त्याआधीही मला एक आयुष्य होते. कारखान्यात मी मऊ, काळा, चिकट असा एका साच्यात शिरलो आणि उष्णता सोसून घट्ट होऊन बाहेर पडलो. साच्याने माझ्या अंगावर नक्षी उठवली. ती शोभेसाठी नव्हती. ओल्या रस्त्यावरचे पाणी त्या खाचांतून बाजूला सारायचे, हे माझे काम. माझी पाठ सपाट नव्हती, गोल होती. चारचाकीच्या टायरची पाठ सपाट असते, कारण ती गाडी वळतानाही उभीच राहते. मोटरसायकल मात्र कलून वळते. एखादे नाणे जमिनीवर घरंगळत सोडून पाहा. ते ज्या बाजूला कलते त्या बाजूला वळते. आमचेही तसेच असते. फक्त आमच्यावर माणूस बसलेला असतो.

माझी रुंदी ऐंशी मिलिमीटर आणि माझ्या जोडीदाराची शंभर. ही मापे कुणाच्या लहरीने ठरलेली नव्हती. गाडीचा आराखडा काढणाऱ्यांनी आमची जोडी ठरवली आणि तिच्याभोवती बाकीची गाडी बसवली: चाक धरणारे लोखंडी हात, मडगार्ड, चेन आणि उजव्या बाजूचा सायलेन्सर. मागचा टायर आणि सायलेन्सर यांच्यामध्ये त्यांनी बारा मिलिमीटरची फट ठेवली होती. जेमतेम बोट जाईल एवढी. रिकामी जागा पाहिली की ती वाया गेली असे माणसांना वाटते. पण ती फटसुद्धा गाडीचा एक भागच होती.

गाडी ताईची होती. डोंगरावरच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने गोळा करून, थंड पेटीत घालून, खालच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पोचवायचे हे तिचे काम. रोज वर चढायचे आणि रोज खाली उतरायचे. निघण्यापूर्वी ती अंगठ्याने मला दाबून पाहायची. "पुढचा शहाणा आहे आणि मागचा कष्टाळू," असे ती आम्हा दोघांबद्दल म्हणायची. खरेच होते ते. इंजिनाचा जोर मागच्या चाकावर पडतो, म्हणून मागचा टायर आधी झिजतो. चार वर्षांत माझी नक्षी निम्मी उरली होती आणि माझा जोडीदार पार गोटा झाला होता.

"त्याच मापाचा घाल रे," ताई तिच्या धाकट्या भावाला म्हणाली. त्याला घरात सगळे बारक्या म्हणत. घराला लागून त्याची शेड होती. जुन्या गाड्यांना नवे रंग, नवी हँडले, नव्या सीट लावून तो त्यांचे रूप पालटून द्यायचा. त्याच्या हातात कला होती. धीर मात्र बेताचाच.

"ताई, तू आत जा आणि संध्याकाळपर्यंत इकडे फिरकू नकोस."

"म्हणजे काहीतरी उपद्व्याप करणार तू."

"उपद्व्याप नाही. भेट आहे."

ती भेट म्हणजे तो पाहुणा. एका मोठ्या, मोडीत निघालेल्या गाडीवरून उतरवलेला, जवळजवळ नवा, एकशे तीस मिलिमीटर रुंद. रिम मात्र जुनीच, शंभराच्या टायरसाठी बनवलेली. त्या अरुंद रिमेत बसवल्यावर पाहुण्याचे दोन्ही गाल आत ओढले गेले आणि त्याची पाठ बेढब फुगली. चाक गाडीला लावून बारक्याने हाताने फिरवले. खर्र, खर्र. टायर सायलेन्सरला घासत होता.

"घासतोस होय?" बारक्या सायलेन्सरला म्हणाला. "मग तूच सरक बाबा. घर वाढलं की कुंपण सरकवतात."

त्याने पाचही वॉशर लावले. तेवढ्यानेही भागेना, म्हणून एक जाड पट्टी घातली. सायलेन्सर अडीच सेंटिमीटर बाहेर आला. पट्टी तिरकी बसल्यामुळे तो थोडा खालीही आला. चाक मोकळे फिरू लागले. बारक्याने शीळ घातली.

संध्याकाळी ताई बाहेर आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! ही माझीच ना?"

"मागून बघ, मागून. कशी बैलासारखी दिसते!"

"मी बैल कधी मागितला होता?" असे म्हणत ती हसली. तेवढ्यात तिचे लक्ष भावाच्या चेहऱ्याकडे गेले. तो डोळे मोठे करून तिच्या तोंडाकडे पाहत होता. "छान आहे," ती म्हणाली. नंतर तिने शहरातल्या दुकानात जुन्या मापाचा टायर मिळतो का याची चौकशी केली होती. मिळत होता. पण तिने तो आणला नाही. भावाचे मन कोण मोडणार?

मित्रांनो, पुढच्या टायरला मागे पाहता येत नाही. पण मला वजन कळते. दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर मला कळले की माझ्यामागे कुणीतरी परका आहे. मी कलत होतो आणि तो कलायला तयार नव्हता. ताईला हँडल जास्त जोराने दाबावे लागत होते. आणि एकदा कलला की तो जास्तच कलायला लावायचा. याचे कारण साधे आहे. गाडी कलते तेव्हा टायर मधोमध टेकत नाही, कडेला टेकतो. टायर जितका रुंद, तितकी त्याची टेकायची जागा मधल्या रेषेपासून दूर जाते आणि तोल साधायला गाडीला तितके जास्त झुकावे लागते. वेग तोच, वळण तेच. कल मात्र वाढलेला. फरक एखाद्या अंशाचा असेल. पण ज्या सायलेन्सरला त्या अंशाचा हिशोब द्यायचा होता, तो आधीच बाहेर आणि खाली आलेला होता.

"गाडी हट्ट करते रे वळताना," ताईने सांगितले.

"नवा टायर आहे, बिचकणारच. पंधरा दिवस दे त्याला."

पंधरा दिवस झाले. आणि एका उजव्या वळणावर खालून आवाज आला. कर्र्. अगदी लहान, नखाने पाटीवर ओढल्यासारखा. त्या क्षणी मागचे वजन अचानक हलके झाले. जणू माझ्यामागे कुणी नव्हतेच. मग ते परत आले आणि गाडी सरळ झाली. ताईला वाटले, खडा उडाला असेल.

संध्याकाळी बारक्याने सायलेन्सर पुसताना तो ओरखडा पाहिला. नखाएवढा होता. आणि मित्रांनो, तो ओरखडा पाहून तो घाबरायला हवा होता. तो आनंदाने ओरडला.

"ताई! अगं तू घासलीस! एवढी कलवलीस तू? शर्यतीतले लोक घासतात असं!"

"चल, काहीतरीच."

"आई शप्पथ! बघ ना. असा ओरखडा मिरवायला लोक जीव टाकतात."

शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो ओरखडा दाखवण्यात आला. "ताईसाहेब, आम्हाला पण शिकवा की," असे कुणीतरी म्हणाले. ताई लाजली. खोटे कशाला बोलू, तिला ते आवडलेही. इतकी वर्षे ती रोज डोंगर चढत-उतरत होती, पण तिच्या चालवण्याचे कौतुक कुणी केले नव्हते. ती पूर्वीइतकाच कल घेऊन पूर्वीइतक्याच वेगाने गाडी चालवते आहे अशी तिची समजूत होती. आता तिला वाटू लागले की आपण पूर्वीपेक्षा चांगली चालवतो.

ओरखडा वाढत गेला. नखाएवढा होता तो बोटाएवढा झाला, मग काडेपेटीएवढा. काळा रंग जाऊन खालचे लोखंड चांदीसारखे चमकू लागले. दर वेळी मला मागचे वजन नाहीसे झाल्याचे कळायचे आणि दर वेळी ते परत यायचे. मी ओरडू शकत नव्हतो. टायरला सांगायचे असते ते तो पकडीतून सांगतो, आणि माझी पकड तर उत्तम होती. माझ्याकडे पाहून कुणालाही वाटले असते की सगळे ठीक चालले आहे.

त्याच सुमारास बाबांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. दुसरा डोळा आधीच अधू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला खाली रुग्णालयात जायचे होते आणि बस चुकली. "मी नेते तुम्हाला," ताई म्हणाली. बाबा चाचपडत मागे बसले. दोघांच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा दबल्या. सायलेन्सर रस्त्याच्या आणखी जवळ आला. बारक्या दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, घट्ट धरा हं. आपली ताई आता शर्यतवाली आहे."

"धरलंय रे. तू आधी तुझे दात घासून ये," बाबा म्हणाले.

सकाळ कोरडी होती, रस्ता स्वच्छ होता. त्या दिवशी दोष द्यायला पाऊस नव्हता, वाळू नव्हती, समोरून येणारी गाडी नव्हती. पहिल्या उजव्या वळणावर खालून आवाज आला. या वेळी तो लांबला.

"अगं, काहीतरी घासतंय खाली."

"काही नाही बाबा. सायलेन्सर आहे. असा आवाज येणं म्हणजे चांगलं चालवणं, असं बारक्या म्हणतो."

"बारक्या तर काय, फुटका माठ वाजला तरी त्याला गाणं म्हणेल. जरा हळू घे."

"हळूच घेतेय बाबा. रोज याहून जोरात जाते."

तिने खरोखरच वेग थोडा कमी केला. पुढची दोन वळणे डावी होती. ती नीट पार पडली. तिसरे उजवे होते, उतारावरचे, आत आत वळत जाणारे. ताईने गाडी कलवली. मी कललो. माझी नक्षी डांबरात रुतली. मी धरून होतो. मग सायलेन्सर टेकला.

या वेळी तो घासून सुटला नाही. सायलेन्सर काही पाय ठेवायच्या दांडीसारखा दुमडत नाही. तो तिथेच राहिला आणि गाडीचा मागचा भार त्याने स्वतःवर घेतला. त्या रुंद, भारदस्त, बैलासारख्या दिसणाऱ्या टायरखालून रस्ता सुटला. एखादा कागद सरकेल एवढीच फट असेल. तेवढी पुरते. माझ्यामागचे वजन गेले आणि मी वाट पाहत राहिलो. ते परत आले नाही. मागचे चाक बाहेर फेकले गेले, गाडी उजव्या कुशीवर पडली आणि घसरत कठड्याला जाऊन आदळली.

मग सगळे शांत झाले. बाबा गाडीपासून थोड्या अंतरावर पडले होते. ते उठून बसले, गुडघ्यांवर आले आणि रस्त्यावर दोन्ही हात फिरवत पुढे सरकू लागले. "पोरी! कुठे आहेस? बोल ना गं!" त्यांच्या हाताला पहिल्यांदा लागलो तो मीच. मी अजून फिरत होतो. त्यांनी मला घट्ट पकडून थांबवले, जणू मी तिचा हातच होतो. मग त्यांना तिचा आवाज ऐकू आला. "बाबा, तुम्ही ठीक आहात ना? माझा पाय खाली अडकलाय. ओढू नका. कुणाला तरी बोलवा."

बाबांच्या तळहातांची साले निघाली होती. डोळा वाचला. ताईच्या उजव्या गुडघ्यापाशी हाड तीन ठिकाणी मोडले होते.

गाडी शेडमध्ये परत आली तेव्हा माझी रिम वाकली होती. बारक्याने दाराशेजारची मोजपट्टी खिळ्यावरून काढली. त्याने मागच्या टायरची रुंदी मोजली, मग पट्टीची जाडी, मग रस्त्यापासून सायलेन्सरची उंची. एकदा मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजली. आईने जेवायला हाक मारली. त्याने मोजपट्टी परत खिळ्याला टांगली. मग तो जमिनीवर बसला आणि त्या चमकत्या जागेवर काळा रंग लावू लागला. थोडासा लावून थांबला. ब्रश तसाच डब्यात टाकला.

मला वाकड्या रिमेवरून उतरवून अंगणात ठेवले. रबर उन्हात तडकते. माझ्या कडांना आता बारीक भेगा आहेत. पुन्हा रस्त्यावर जायच्या लायकीचा मी उरलो नाही. म्हणून जाता जाता एवढेच सांगतो, मित्रांनो. टायर निवडताना त्याचे रूप पाहू नका. गाडीने त्याच्यासाठी किती जागा ठेवली आहे ते पाहा. एक माप बदलले की बाकीची मापेही बदलू लागतात, आणि ती बदलल्याचे तुम्हाला कुणी सांगायला येत नाही. गाडी कुठे घासली तर मिरवू नका. थांबा आणि वाकून पाहा. आणि ज्याने प्रेमाने चुकीची वस्तू दिली, त्याला प्रेमानेच नाही म्हणा. तेवढ्याने कुणाचे मन कायमचे मोडत नाही.

मला मात्र एक नवे काम मिळाले आहे. अंगणात मला आडवे ठेवून वर फळी टाकली आहे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ताईला तशी पायरी करून घ्यायला सांगितले होते. ताई बारक्याचा खांदा धरून उजवा पाय माझ्यावर ठेवते आणि वर चढते, मग उतरते. तिच्या कपाळावर घाम येतो. बारक्या तिच्याकडे पाहत नाही.

"तोंड पाडून उभा राहू नकोस," ताई म्हणते. "फळी हलतेय, ती धर."

"धरलीय."

"आणि दात घासलेस का?"

तो हसायचा प्रयत्न करतो.

आज त्या बाई आल्या होत्या. त्यांनी ताईला खुर्चीवर बसवले. खुर्चीतून धड उठायला गुडघा नव्वद अंश तरी वाकायला हवा आणि मोटरसायकलवर बसायला त्याहूनही जास्त, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ताईने पाय मागे ओढला. बारक्याने तिचा घोटा धरला. बाबा ओट्यावरून, बऱ्या झालेल्या डोळ्याने पाहत होते. बाईंनी कोनमापक गुडघ्याला लावला, आकडा वाचला, कोनमापक काढला आणि पुन्हा लावून वाचला.

गेल्या महिन्यात चौऱ्याऐंशी अंश होते. आज चौऱ्याऐंशी अंश भरले.